सीएसआरमध्ये येताय? आधी कारखान्याच्या गेटच्या आत बघा

सीएसआरमधल्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या कामातल्या, नोकरीबद्दल विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. प्रस्ताव कसा लिहायचा, निधी कुठून येतो, अहवालात काय घालायचं. हे सगळं शिकावं लागतंच, आणि कामाला लागलात की सहा-आठ महिन्यांत येतंही. पण एका उत्पादन कंपनीच्या सीएसआर विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: कंपनी पैसा वाटते कसा यापेक्षा तो कमावते कसा, यावर तिची सामाजिक जबाबदारी जोखावी. या क्षेत्रात येणाऱ्याची नजर सुरुवातीपासून दोन्हीकडे असली पाहिजे.

आधी कायदा, कारण तुमचं पद त्याच्यामुळेच निर्माण झालेलं असतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी कंपनी त्यात येते. मग तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अनुसूची ७ मधल्या विषयांवर खर्च करायची. शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण, ग्रामविकास असे ते विषय आहेत. ही अनुसूची आणि सीएसआरचे नियम मुळातून वाचा, कोणाच्या पीपीटीवरून नको.

नियमांत काय बसत नाही, ते वाचताना विशेष थांबा. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च चालत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी चालत नाही. जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व चालत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे, तेही चालत नाही. कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, कारण ते कंपनीचं कर्तव्यच आहे. २ टक्क्यांचा हिशेब सुरू होतो तो ही कर्तव्यं पार पडल्यानंतर. माझ्या मते नियमांतली सगळ्यात मोलाची ओळ हीच आहे, आणि प्रशिक्षणांत तिच्यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

प्रशासकीय खर्चाला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि सीएसआर विभागातल्या लोकांचे पगार त्यातच धरले जातात. म्हणून टीम छोट्या असतात. दोन-तीन माणसं बरेच तालुके सांभाळतात आणि प्रत्यक्ष काम स्वयंसेवी संस्थांमार्फत होतं. संस्थेचा सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी झालेली आहे का, मागच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलं का, असल्या कागदांत तुमचा निम्मा दिवस जाईल. त्याचा कंटाळा करू नका. कागद नीट असतील तरच चांगल्या छोट्या संस्थेच्या बाजूने वरिष्ठांसमोर ठामपणे उभं राहता येतं.

मार्च मात्र जपून. २०२१ पासून चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते, म्हणजे घाईचं कारण बरंच कमी झालंय. चालू प्रकल्पच नसेल तर उरलेला पैसा सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत जमा करावा लागतो. तरी फेब्रुवारी उजाडला की 'काहीतरी पटकन होईल असं सुचवा' हा फोन येतो. पटकन होतं ते म्हणजे वस्तू घेणं. त्यातूनच पाण्याची सोय नसलेल्या शाळांत स्वच्छतागृहं उभी राहतात आणि देखभालीचा करार न केलेले पाण्याचे फिल्टर वर्षभरात बंद पडतात. वस्तू देण्याचा प्रस्ताव आला की दोनच गोष्टी विचारत जा: तिसऱ्या वर्षी ही दुरुस्त कोण करणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

पैसा कुठे द्यायचा याबद्दलही कायदा बोलतो. कंपनीचं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कलम १३५ सांगतं. कारखान्याचा त्रास सोसणाऱ्या गावांचा हक्क आधी, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे जिथे उद्योग तिथेच निधी, असंही होतं. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आहेत. तिथे पैसा वळवायचा तर कोणीतरी आतून रेटा लावावा लागतो. ते कोणीतरी तुम्ही होऊ शकता.

आता गेटच्या आत. एका कंपनीसाठी आम्ही शेजारच्या गावात गरजांची पाहणी करत होतो. शाळेला वह्या, दप्तरं, एक वर्गखोली अशी यादी तयार होत होती. बैठकीत मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "वह्या द्या नाहीतर नका देऊ, पण त्या गाड्या झाकून न्या." कच्चा माल घेऊन जाणारे डंपर ताडपत्रीशिवाय गावातून जायचे आणि रस्त्याकडेची सगळी पिकं धुळीने माखायची. आमच्या प्रश्नावलीत त्या तक्रारीला रकाना नव्हता, कारण प्रश्नावली 'तुम्हाला काय हवंय' एवढंच विचारत होती. कंपनीमुळे काय सोसावं लागतंय, हे विचारतच नव्हती. तक्रार प्लँट हेडपर्यंत नेली. वाहतूकदाराच्या करारात ताडपत्रीची अट आली आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या थांबवायचं ठरलं. सीएसआरच्या बजेटमधला एक रुपयाही लागला नाही, आणि त्या वर्षी गावाला त्याहून जास्त उपयोगाचं आमच्या हातून काही झालं नाही.

म्हणून प्लँटवर वारंवार जा. कँटीनमध्ये कंत्राटी कामगारांबरोबर जेवा. त्यांचा पीएफ वेळेवर भरला जातो का, सुरक्षेचे बूट त्यांना कायम कामगारांसारखेच मिळतात का, महिलांच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती नुसती फलकावर आहे की तिच्या बैठका होतात, हे गप्पांतून कळतं. मग अकाउंट्समध्ये जाऊन लघुउद्योजकांची बिलं किती दिवसांनी सुटतात ते बघा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. छोट्या वर्कशॉपवाल्याचं बिल चार-चार महिने अडवून त्याच गावात कौशल्य विकास केंद्राची फीत कापणारी कंपनी जबाबदार कशी म्हणायची? त्या वर्कशॉपमध्ये शिकणारी पोरं त्या बिलावरच पगार घेतात.

हा विचार बाहेरून आलेला नाही. आपल्याकडे त्याची मुळं गिरण्यांत आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मालकांच्या दानधर्मातून ती आली नाही, कामगारांनी मागून घेतली. दुसरीकडे टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये, कायद्याची सक्ती नसताना, आठ तासांचा दिवस लागू झाला. रेटा खालून येतो तसा कधी वरूनही येतो. सीएसआरमधल्या माणसाची जागा या दोघांच्या मध्ये आहे, आणि खालचा आवाज वर पोचवणं हे मला त्या जागेचं मुख्य काम वाटतं.

शिक्षणाचं विचाराल तर एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, पाया उत्तम. मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावं आहेत. पण फिल्डवर्क करून आलेल्यांना ताळेबंद वाचता येत नाही आणि एमबीए करून आलेल्यांना ग्रामसभेत गप्प बसून ऐकता येत नाही, हे मी सतत पाहते. जे येत नसेल ते जाणूनबुजून शिका. मराठीत नीट बोलता-लिहिता येणं ही इथे मोठी जमेची बाजू आहे. बेसलाइनचे, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या पाहणीचे, प्रश्न गावातल्या माणसाला कळतील अशा मराठीत लिहिणारे फार थोडे भेटतात.

मुलाखतीला जाण्याआधी कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. त्यात सीएसआरचं परिशिष्ट असतं. कंपनी बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांत असेल तर सेबीने २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवालही असतो. अपघात, पगार, पाण्याचा वापर, कचरा, आलेल्या आणि प्रलंबित राहिलेल्या तक्रारी, हे सगळं त्यात द्यावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकीकडे जलसंधारणाचे फोटो आणि दुसरीकडे कारखान्याचा पाणीउपसा दरवर्षी वाढता दिसला, तर मुलाखतीत त्याबद्दल विचारा, नम्रपणे पण स्पष्ट. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय आणि राज्यनिहाय खर्चही बघता येतो.

आणखी एक विचारा: सीएसआर प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो? उत्तर मार्केटिंग किंवा पीआर असेल तर फोटोंचं काम जास्त पडेल, हे गृहीत धरून निर्णय घ्या. थेट व्यवस्थापकीय संचालकांना किंवा कारखान्याच्या कामकाजाशी जोडलेल्या कोणाला असेल, तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या. तिथे गावातली तक्रार प्लँट हेडच्या टेबलावर नेण्याची सोय तुम्हाला असेल.