आधी तळाचं पाणी मोजा, मग फिल्टरचं बघा

चैत्र सरत आला. खाडीकाठच्या विहिरी आता रोज खाली जाणार, आणि गोडं पाणी उपसलं की तळातून खारं वर सरकणार. म्हणून याच आठवड्यात पाणी किती खारं ते मोजा. कळशीतलं नव्हे, तळातलं.

इथेच सगळे फसतात. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. रहाटाने येतं ते वरचं, म्हणून जिभेला गोड लागतं. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) मात्र तळाला टेकलेला, म्हणजे बागेला जातं ते खारंच. गेल्या उन्हाळ्यात एका वाडीत दोन वर्षांची पोफळ पाहिली. पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी, हाताने चुरा होणाऱ्या. "पाणी गोडंच आहे, आम्ही पितो ना," मालक म्हणाले. दुकानदाराने करपा ठरवून दोनदा बुरशीनाशक मारायला लावलं होतं. मी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी. तळाशी गेल्यावर बुचाला हिसका दिला. वरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ४२०, तळाच्या पाण्याचा २,१००.

टीडीएस मीटर काही शंभर रुपयांत मिळतो, एका फवारणीपेक्षा स्वस्त. बागेसाठी ४८० पर्यंत निर्धास्त, १,४४० पर्यंत जपून. त्यापुढे पोफळ, केळी, आंब्याच्या नव्या कलमांना देऊ नका. माड बरंच सोसतो. पिण्यासाठी ५०० च्या आत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर मानकाप्रमाणे २,००० ही शेवटची हद्द.

फूटव्हॉल्व्ह तळापासून दोन-तीन हात वर घ्या. पंप सलग चार तास नको. सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये विहिरीला भरू द्या.

पाइपला बांधायचं लोहचुंबक "क्षार मारतं" म्हणून विकायला येतात. मीठ तसं जात नाही. उकळून, तुरटीने किंवा कँडल फिल्टरनेही जात नाही. आरओने जातं, पण त्याचं फेकलेलं पाणी विहिरीच्या कडेला सोडणारे मी पाहिलेत, म्हणजे मीठ परत घरात!

मीटर जंतू दाखवत नाही. जांभ्यातून संडासाच्या खड्ड्याचं पाणी सहज झिरपतं, म्हणून पहिल्या पावसानंतर:
– एचटूएस बाटलीत (जंतू तपासायच्या तयार बाटलीत) पाणी भरून सावलीत ठेवा; २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर पिऊ नका
– ब्लीचिंग पावडर: १,००० लिटरला २.५ ग्रॅम (१० फूट व्यास, १३ फूट पाणी असेल तर सुमारे ७० ग्रॅम), संध्याकाळी
– पावडर ताजी, डबा घट्ट
– रात्रभर उपसा बंद
– पिण्याचं पाणी गाळून, उकळून
– कठडा, जाळी, भोवती उतार

येत्या अमावास्येला भरती भरलेली असताना बाटली पुन्हा तळाशी सोडा. हे कुठल्या पत्रकात नाही, पण खाडीलगतच्या विहिरीत तेव्हा आकडा चढलेला मी दोन-तीनदा पाहिलाय. चढला, तर चार दिवस फक्त माडांना पाणी द्या.