तुझं टायटर किती?

पहिल्या वर्षी आमच्या बॅचमधल्या एकीला सर्जिकल वॉर्डात सुई टोचली. इंजेक्शन देऊन झालं होतं, सुईवर टोपण परत बसवायला गेली आणि सुई डाव्या तर्जनीत घुसली. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. पण समोर सात-आठ पेशंट खोळंबले असले की शिकवलेलं कुठल्या कुठे जातं. हात साबणाने धुऊन ती रडवेली होऊन सिस्टरांकडे गेली. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "हिपॅटायटिस बीचे डोस किती झालेत? टायटर किती आहे?"

हिपॅटायटिस बी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार. त्याच्या लसीचे डोस दोन झाले होते. टायटर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मलाही नव्हतं. पेशंटचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणून निभावलं. आता मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दरवर्षी नवीन मुलींना तेच प्रश्न पडताना बघते, म्हणून वॉर्डात जाण्याआधीच्या लसी, तपासण्या आणि त्यांच्या कागदांचं सगळं एकदा लिहून टाकते. एमबीबीएस, बीडीएस, फिजिओ, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स), कुठेही जाणार असाल तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

प्रवेशाच्या वेळी मेडिकल फिटनेसचा दाखला मागतात. तो मिळवणं अवघड नसतं, ओळखीचे डॉक्टर बीपी बघून सही करतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, आरोग्याचं प्रकरण मिटलं. खरं काम त्याच्या पुढे असतं आणि त्याला वेळ लागतो. कागदपत्रं रात्रभर जागून जमवता येतात, लसीचे दिवस जमवता येत नाहीत.

सगळ्यात आधी हिपॅटायटिस बी. नवीन मुलींना एचआयव्हीची धास्ती जास्त असते, पण आकडे वेगळंच सांगतात. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के धरतात. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला तो होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. आणि यावर लस आहे, बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आरोग्य कर्मचाऱ्यांना ती फुकटही मिळते. विद्यार्थ्यांना देतात का, ते आपल्या रुग्णालयात विचारून घ्या.

पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि लस शरीराला लागू पडली का ते बघायचं. तेच टायटर, म्हणजे आजाराशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात किती तयार झाली त्याचा आकडा. रिपोर्टवर 'अँटी-एचबीएस' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकूण सात-आठ महिने गेले. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबलात तर अर्ध्या लसीवरच वॉर्डात उभं राहाल, माझ्या मैत्रिणीसारखं. सीईटी किंवा नीटचा पेपर दिला की त्याच आठवड्यात पहिला डोस घेऊन टाका. समजा अ‍ॅडमिशन नाही झाली, तरी लस काही वाया जात नाही.

लहानपणी झाली असेल की, असं बरेच जण म्हणतात. देशभराच्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी २०११ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी काहींना मिळाली, काहींना नाही. कार्डावर नोंद नसेल तर झाली नाही असं धरून चला.

काही बारीक गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या. लस दंडातच घ्यायची. कमरेत घेतली तर तिचा परिणाम कमी होतो. दुसरा किंवा तिसरा डोस चुकला, दोन-चार महिने उलटले, तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस घ्यायचा. आणि एचबीएसएजी ही तपासणी, म्हणजे आजार आधीच आहे का हे बघणारी, लसीच्या आधी करून घ्या. लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डोसनंतर चौथ्या दिवशी रक्त दिलं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर घरात रडारड होणारच.

माझं टायटर आलं ४.८. पाहिजे १० च्या वर. तिन्ही डोस वेळेवर, दंडात, कार्डावर शिक्का, तरी नापास. मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे. लॅबमधल्या सरांनी समजावलं की धडधाकट माणसांतही शंभरात पाच-दहा जणांना पहिल्या फेरीत लस लागत नाही. पुन्हा तीन डोस घेतले. दुसऱ्या वेळी २१२. तो कागद मी घरी व्हॉट्सअपवर पाठवला तर बाबांनी विचारलं, "कितीपैकी?"

सहा डोसनंतरही ज्यांचं टायटर वर येत नाही, त्यांचं शिक्षण थांबत नाही. मात्र त्यांना ते माहीत असलं पाहिजे. सुई टोचली तर त्यांना तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत घ्यावं लागतं. सिस्टर टायटर विचारतात ते यासाठी.

आता कार्डाचं. आमचं गाव कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात घरात छातीभर पाणी होतं. रेशनकार्ड आईने डोक्यावरून नेलं, माझं लसीकरणाचं कार्ड ट्रंकेतच राहिलं. चिखलातून काढलं तेव्हा त्याचा लगदा झाला होता. कॉलेजने नोंद मागितली तेव्हा मी उपकेंद्रावर गेले. आमच्या जुन्या नर्सबाई निवृत्त झाल्यात, पण त्या दिवशी नेमक्या तिथे चहाला आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तुला मीच टोचलंय. गोवरच्या सुईला एवढी ओरडलीस की शेजारची म्हैस बुजली." मला बरं वाटलं, पण कॉलेजात म्हशीची साक्ष चालत नाही. रजिस्टर मिळालं नाही.

कार्ड नसेल तर दोन वाटा. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करा, किंवा सरळ लस पुन्हा घ्या. गोवर-रुबेलाचा एखादा डोस जास्त झाला तर अपाय नाही. बऱ्याचदा तपासणीपेक्षा लस स्वस्त पडते, हेही बघा.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी. तुम्ही त्या वेळी शाळेत असाल तर आठवत असेल. मी सातवीत होते. व्हॉट्सअपवरच्या मेसेजना घाबरून आमच्या वर्गातल्या दोघांना घरच्यांनी त्या दिवशी शाळेत पाठवलंच नाही. त्या वेळी एक कार्ड मिळालं होतं, ते कुणाकडे शिल्लक असेल तर जपा. पण एक लक्षात घ्या, त्या लसीत गालगुंड नाही. एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, मागितली असेल तर एमआर, म्हणजे नुसती गोवर-रुबेला, चालेलच असं नाही.

कांजिण्यांचा घोळ आणखी वेगळा. "लहानपणी अंगावर आलं होतं, लिंबाचा पाला घालून आंघोळ घातली" एवढं आजी सांगते. ते गोवर होतं की कांजिण्या, हे तिला सांगता येत नाही. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी केली, कांजिण्या होऊन गेल्याचं निघालं, माझे लसीचे पैसे वाचले. ही लस महाग आहे, दोन डोसांचे काही हजार होतात, म्हणून इथे आधी तपासणी करणं परवडतं. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी, म्हणजे त्यांत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. एकतर एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडा. गरोदरपणात घ्यायच्या नाहीत, घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आमच्याबरोबर लग्न झालेल्या मुलीही शिकतात आणि हे त्यांना विचारायला कुणी धजत नाही, म्हणून लिहिलं.

टीबीसाठी मॅन्टू, ही कातडीवरची तपासणी. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, कातडीतच बारीक सुईने ०.१ मिलि औषध सोडतात. डास चावल्यासारखा फुगवटा येतो, तो थोड्या वेळाने बसतो. मग ४८ ते ७२ तासांत परत जाऊन दाखवायचं. गंमत इथेच होते. आमच्यातल्या एकीने गुरुवारी दुपारी टोचून घेतलं. दाखवायची वेळ शनिवार दुपार ते रविवार दुपार. शनिवारी दुपारी ओपीडी बंद, रविवारी सुट्टी. सोमवारी गेली तर वेळ टळून गेली होती, पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घ्या.

बघताना लालपणा मोजत नाहीत, कडक झालेला भाग मोजतात. आमच्या सरांनी बॉलपेन घेतलं, बाहेरून आत कातडीवर हलके सरकवलं, जिथे पेन अडलं तिथे रेघ. दुसऱ्या बाजूनेही तसंच. मग दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजलं. माझं ११ मिलिमीटर. लाल वर्तुळ मात्र लिंबाएवढं, ते बघून होस्टेलवर सगळ्यांनी मला टीबी देऊन टाकला होता. १० किंवा जास्त आलं तर पॉझिटिव्ह धरतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. जंतू कधीतरी अंगात शिरून झोपलेला असतो, आपल्या देशात असे लोक कोट्यवधी आहेत, शिवाय जन्मल्याबरोबर दिलेल्या बीसीजी या टीबीच्या लसीमुळेही गाठ उठू शकते. छातीचा एक्स-रे काढला, स्वच्छ निघाला, लक्षणं काही नव्हती. तरी रिपोर्ट जपून ठेवलाय. उद्या खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना तुलनेला उपयोगी पडेल. बीसीजीचा गोंधळ टाळायचा असेल तर रक्ताची इग्रा तपासणी असते, ती महाग आहे. एमएमआर घ्यायची असेल तर मॅन्टू त्याच दिवशी करा किंवा लसीनंतर चार आठवडे थांबा, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

कुठल्या कुठल्या यादीत एचआयव्ही तपासणीही लिहिलेली असते. इथे थोडं थांबा. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षणासाठी प्रवेश द्यायची अट म्हणून ही तपासणी सक्तीची करता येत नाही आणि तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही. भांडायला जा असं मी म्हणत नाही. ही अट कुठल्या नियमाने आहे ते लेखी द्या, एवढं नम्रपणे विचारा. स्वतःसाठी करायची असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात फुकट होते आणि गुप्त राहते.

पुढे परदेशी जायचा बेत असेल तर आत्तापासूनच कागद नीट ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्गशी करार केला, तेव्हापासून आमच्याकडे निम्म्या मुली जर्मन शिकतायत. तिथे १ मार्च २०२० पासून कायदाच आहे, १९७० नंतर जन्मलेल्यांना रुग्णालयात काम करायचं तर गोवरचे दोन डोस किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स दहा वर्षांच्या आतली डांग्या खोकल्याची लस मागतं. आपल्याकडे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात ती टीडी, तिच्यात फक्त धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकल्यासाठी टीडॅप वेगळी घ्यावी लागते.

प्रत्येक डोसला तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, सही आणि शिक्का या पाच गोष्टी तिथल्या तिथे बघून घ्या. नंतर गेलात की "त्या सिस्टर बदलून गेल्या" हे ठरलेलं. आणि पूर बघितल्यामुळे मी फोटो काढून मेलवर ठेवलेत. आमची एक ज्युनिअर त्याच्याही पुढे गेली, तिने दोन डोसांनंतर कार्ड छान लॅमिनेट करून आणलं. तिसऱ्या डोसच्या दिवशी सिस्टर पेन घेऊन त्या गुळगुळीत कार्डाकडे बघतच राहिल्या.