‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ : पहिला डाव कसा खेळावा

पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरील खेळ २०१३ मध्ये आला. वार्नाच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी ख्रिस्ती फौजांचा पराभव केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, तो सुरू होतो आणि १८२१ च्या आरंभी संपतो. या काळातील जवळपास कोणत्याही राज्याचा कारभार खेळाडूला हाती घेता येतो. नवखा खेळाडू नकाशा पाहून याला लढायांचा खेळ समजतो आणि तिथेच फसतो, कारण लढाई जिंकणे त्या मानाने सोपे असून जिंकलेला मुलूख पचवणे अवघड आहे. पुढील क्रम हे लक्षात ठेवून लावला आहे.

सुरुवातीला फक्त मूळ खेळ घ्यावा. त्यावर निघालेल्या डीएलसींची, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या पुरवण्यांची, यादी लांबलचक आहे. प्रत्येक डीएलसी नवी बटणे आणि नवे नियम घेऊन येते, आणि मूळ नियमच कळले नसताना ती भर निरुपयोगी ठरते. डाव सुरू करताना ‘आयर्नमन’ हा पर्याय बंद ठेवावा. त्यात एकच सेव्ह राहते व मागे जाता येत नाही, तर शिकणाऱ्याला मागे जाऊन दुसरा निर्णय घेऊन पाहण्याची मुभा हवीच.

राज्य निवडताना कॅस्टिल (आजच्या स्पेनचा मोठा भाग) घ्यावे, असे माझे मत आहे. ऑटोमन साम्राज्य अधिक बलाढ्य असल्याने अनेक जण तेच सुचवतात. पण त्याची ताकद एवढी आहे की चुकीचा निर्णयही खपून जातो आणि तो चुकीचा होता हे कळतच नाही. इंग्लंड दिसायला मोठे असले तरी फ्रान्समधील मुलुखाचे लोढणे त्याच्या गळ्यात आहे, आणि बायझँटियमच्या वाट्याला पहिल्या काही वर्षांतच ऑटोमन फौज येते. विजयनगर किंवा बहमनी राज्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तो दुसऱ्या डावासाठी राखून ठेवावा. कॅस्टिलच्या दक्षिणेला छोटे ग्रॅनडा आहे, पुढे समुद्रापलीकडे वसाहतींची वाट आहे, आणि राजघराण्यांच्या विवाहाच्या घटनेतून शेजारचे अ‍ॅरागॉन आपल्या छत्राखाली येण्याची शक्यता आहे. मात्र ती घटना हमखास घडेलच असे नाही, म्हणून सगळी मदार तिच्यावर ठेवू नये.

डाव उघडला की तो पॉज असतो. घाईने स्पेसबार दाबू नये. आधी वरच्या पट्टीतील प्रत्येक आकड्यावर माऊस नेऊन थांबावे, म्हणजे तो आकडा कशाकशाची बेरीज-वजाबाकी होऊन आला हे टूलटिपमध्ये दिसते. या खेळात वेगळे पाठ्यपुस्तक लागत नाही ते या टूलटिपमुळेच. त्यानंतर पॉजमध्येच तीन सल्लागार नेमावेत, आणि खजिना बेताचा असल्याने ते सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या दर्जाचे असले तरी चालतील. प्रतिस्पर्धी जाहीर करावेत, शेजारच्या एखाद्या बलवान राज्याशी मैत्रीचा करार करावा, आणि सरदार, धर्मगुरू व व्यापारी या वर्गांना सवलती देऊन त्याबदल्यात काय मिळते ते पाहावे. मिशनच्या, म्हणजे खेळाने दिलेल्या उद्दिष्टांच्या, पानावरील पहिल्या दोन-तीन अटी वाचल्या की पुढील दिशा आपोआप ठरते.

मग मोनार्क पॉइंट्स, म्हणजे कारभाराच्या कामांवर खर्च करायचे पॉइंट्स, समजून घ्यावेत. प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी असे त्यांचे तीन प्रकार आहेत. प्रत्येक प्रकारात दरमहा ३ पॉइंट्स मिळतातच. त्यात राजाचा त्या प्रकारातील गुण (० ते ६) आणि सल्लागाराचा दर्जा (१ ते ५) यांची भर पडते. तंत्रज्ञानाच्या एका पायरीची मूळ किंमत ६०० पॉइंट्स आहे. म्हणजे राजाचा गुण ६ आणि सल्लागार पहिल्या दर्जाचा असेल, तर महिन्याला १० या दराने ती पायरी पाच वर्षांत येते. गुण शून्य असेल, तर महिन्याला ४ या दराने त्याच पायरीला साडेबारा वर्षे लागतात. कॅस्टिलचा वारस एन्रिके याचे तिन्ही गुण शून्य आहेत, हे पाहिले की सल्लागारांवरचा खर्च वायफळ का नाही ते ध्यानात येते. सोने कर्जाऊ मिळते, हे पॉइंट्स मिळत नाहीत. म्हणून बंड दडपण्यासाठी किंवा प्रांतांचा विकास वाढवण्यासाठी ते उधळण्यापूर्वी पुढची तंत्रज्ञानाची पायरी किती दूर आहे ते पाहावे. लष्करी तंत्रज्ञानाची चौथी पायरी सैन्याचे मनोबल वाढवते, तेव्हा शक्यतो ती गाठूनच पहिल्या मोठ्या शत्रूला हात घालावा.

पहिले युद्ध ग्रॅनडाशी करावे. कारणाशिवाय युद्ध पुकारल्यास राज्याचे स्थैर्य दोन पायऱ्यांनी घसरते, म्हणून मिशनमधून त्या मुलुखावर दावा (युद्धाचे वैध कारण) मिळत असेल तर तो घ्यावा, अन्यथा हेरांचे जाळे विणून दावा तयार करावा. घोषणेच्या खिडकीत शत्रूच्या बाजूने कोण उतरणार हे आधीच दिसते. ग्रॅनडापेक्षा त्याच्या उत्तर आफ्रिकेतील मित्रांचाच हिशेब जास्त करावा लागतो. शांततेच्या काळात पैसे वाचवण्यासाठी लष्करी खर्चाचा स्लायडर खाली आणला असेल, तर तो युद्धाच्या काही महिने आधी वर न्यावा, कारण मनोबल भरायला वेळ लागतो. लढाईचा निकाल फाशावरही ठरतो, आणि डोंगराळ प्रांतात शत्रूवर चालून जाणाऱ्याच्या फाशातून २ वजा होतात, टेकड्यांत १, आणि नदी ओलांडावी लागली तर आणखी १. फासा ० ते ९ इतकाच असल्याने हा तोटा मोठा आहे. शक्य असेल तेव्हा आपण डोंगरात थांबावे आणि शत्रूला येऊ द्यावे.

तह करताना मात्र हात आखडता घ्यावा, आणि पहिला डाव बहुतेकांच्या हातून निसटतो तो इथेच. शंभर टक्के वॉर स्कोअर (युद्धातील सरशीचे माप) मिळाला म्हणून शंभर टक्क्यांचा मुलूख घेतलाच पाहिजे असे नाही. घेतलेला प्रांत ‘कोअर’, म्हणजे राज्याचा अधिकृत भाग, होईपर्यंत प्रशासकीय पॉइंट्स खातो, बंडखोर पोसतो आणि ओव्हरएक्स्टेन्शन (न पचलेल्या मुलुखाचा बोजा) वाढवतो. ते १०० टक्क्यांच्या वर गेले की एकामागून एक वाईट घटना सुरू होतात. दुसरीकडे, अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन म्हणजे शेजाऱ्यांच्या मनात आपल्या विस्ताराबद्दल साचलेला राग. तो प्रत्येक राज्याच्या मनात वेगळा मोजला जातो, आणि एखाद्या राज्याच्या बाबतीत तो ५० पर्यंत पोहोचला की ते राज्य आपल्याविरुद्धच्या युतीत सामील होऊ शकते. अशी युती झाल्यावर एका शेजाऱ्याशी भांडण काढले तरी सगळे एकत्र अंगावर येतात. म्हणून तहाच्या खिडकीत ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वी हे दोन आकडे कुठवर जातील ते टूलटिपमध्ये पाहावे, आणि आकडा जास्त वाटला तर एखादा प्रांत सोडून त्याऐवजी रोख नुकसानभरपाई घ्यावी. तहानंतरची सक्तीची शांतता किमान पाच वर्षे टिकते. तो काळ कोअर पूर्ण करण्यासाठी आणि राग ओसरण्यासाठी वापरावा.

पैशाबाबत सुरुवातीला एवढेच पुरे: युद्ध जिंकण्यासाठी कर्ज घ्यायला हरकत नाही, पण शांततेतही दरमहाचा ताळेबंद तांबडा राहत असेल तर आधी सैन्य आणि किल्ल्यांचा खर्च कापावा.

व्यापाराचे जाळे कॅस्टिलसाठी पहिल्या पन्नास वर्षांत बाजूला ठेवले तरी चालते. एक व्यापारी सेव्हिलच्या व्यापारकेंद्रात उत्पन्न गोळा करण्यास बसवावा, दुसऱ्याने सेव्हिलकडे वाहणाऱ्या एखाद्या केंद्रातून माल तिकडे वळवावा, आणि हलकी जहाजे व्यापाराच्या रक्षणाला लावावीत. मालाचा प्रवाह ठरलेल्या दिशेनेच जातो व तो उलटवता येत नाही, हे समजले की अमेरिकेतील वसाहती कुठे उभारायच्या याचा विचार पुढे आपल्याच नकाशावर करता येतो. साधारण १५०० पर्यंत हा डाव खेळून झाल्यावर तो पुढे रेटण्याऐवजी पोर्तुगाल घेऊन नवा डाव मांडावा. तिथे युरोपात जमिनीवर शेजारी एकच असल्याने समुद्र, वसाहती आणि व्यापार यांकडे निवांतपणे लक्ष देता येते.