बायप्लेनचे सुटे भाग घरी घडवताय? मग या चुका टाळा

मॉडेलच्या किटमधला भाग टाकून स्वतः घडवलेला बसवायचा, तर तो निदान किटमधल्यापेक्षा बरा असावा, एवढीच माझी अपेक्षा असते. ती क्वचितच पुरी होते. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची पोरं मॉडेल घेऊन घरी येतात, फोनवर फोटो पाठवतात, आणि चुका बहुतेकांच्या त्याच त्या. सॉपविथ कॅमल हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान. १/४८ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, हे आपल्याकडचं नेहमीचं गिऱ्हाईक. हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या २८ स्क्वाड्रनमध्ये हेच विमान उडवायचे, म्हणून पोरांना ते आपलं वाटतं. तेव्हा उदाहरणं कॅमलचीच देतो.

तारा ओढून पंख सरळ करू नका

खऱ्या विमानात पंखांमधल्या तारा भार पेलतात. उडताना पंख वर उचलले जातात, तेव्हा धडाच्या तळापासून दोन पंखांना जोडणाऱ्या बाहेरच्या खांबाच्या माथ्यापर्यंत गेलेल्या फ्लाइंग वायर त्यांना धरून ठेवतात. जमिनीवर पंखांचं वजन उलट तिरक्या लँडिंग वायरवर येतं. मॉडेलमध्ये तारेनं काहीही पेलायचं नसतं, फक्त दिसायचं असतं. हे सांगून माझं तोंड दुखलं.

चाळीसगावकडच्या एका पोराची गोष्ट. हात चांगला, धीर शून्य. आधी त्यानं एस.ई.५ए केलं होतं, त्याच युद्धात इंद्रलाल रॉय उडवायचे ते लढाऊ विमान, आणि झकास जमलं होतं. त्या विमानाचे वरचा-खालचा दोन्ही पंख टोकांकडे सारखेच उचललेले असतात, त्यामुळे दोघांमधलं अंतर धडापासून टोकापर्यंत तेच राहतं. मग यानं कॅमल घेतलं. किटमधले जाड खांब फेकले आणि स्टायरीनच्या, म्हणजे किटच्याच प्लास्टिकच्या, पट्टीतून नवे घासले. घासले सुरेख होते: पुढची कड गोल, मागची निमुळती. लांबी मात्र धडाजवळचं अंतर मोजून काढली. कॅमलचा वरचा पंख सपाट असतो, कारखान्यात बनवायला सोपा जावा म्हणून तो तसा ठेवला होता. खालचा पाच अंशांनी वर उचललेला. म्हणजे बाहेर जावं तसतसं अंतर कमी होत जातं. याचे बाहेरचे चारही खांब लांब झाले आणि वरचा पंख होडीसारखा दोन्ही टोकांनी वर गेला.

त्याला ते दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि त्यानं ठरवलं की तारा ताणल्या की येईल खाली. गळाची नायलॉनची दोरी घेतली, फ्लाइंग वायरच्या जागी ओवली, पंख सपाट होईस्तोवर ओढली आणि सायनोनं, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूनं, चिकटवून टाकली. "एकदम फिट्ट बसलं, सर!" दिवस श्रावणातले. मी म्हटलं, "भो, हे एप्रिलात बोलेल."

एप्रिलात बोललंच. नायलॉन हवेतली ओल पितं आणि किंचित लांबतं, हवा कोरडी झाली की आखडतं. पावसाळ्यात ताणून बांधलेली दोरी उन्हाळ्यात अजून ताणली गेली. त्यात शोकेस पश्चिमेच्या भिंतीला, आणि आपल्याकडचा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा पारा. सतत दाबाखाली असलेलं पातळ स्टायरीन अशा उष्म्यात हळूहळू वाकतंच. दोन खांब वाकले, एक निखळला, वरचा पंख पिळला गेला. पोरगं आलं ते नायलॉनला शिव्या देत. बिचाऱ्या नायलॉनचा नंबर शेवटचा. पहिला दोष खांबाच्या लांबीचा, दुसरा "तारेनं येईल खाली" या विचाराचा.

मी काय करतो ते सांगतो. आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून दोन पंखांच्या मध्ये उभे करायचे, सगळं गोंदाशिवाय. समोरून, बाजूनं, वरून बघायचं, गुण्या लावायचा. पुठ्ठ्यावर वरचा पंख बिनधोक बसला की तो पुठ्ठा म्हणजेच तुमच्या खांबाची लांबी. प्रत्येक खांब त्याच्या-त्याच्या पुठ्ठ्यावरून कापायचा. डावीकडचं माप उजवीकडे वापरायचं नाही, किटचे पंख तेवढे सरळ कधी नसतात. खांबाच्या दोन्ही टोकांत बारीक भोक पाडून डोकं उडवलेली टाचणी घालतो, तेवढीच पंखात शिरते. मग मॉडेल एकही तार न लावता आठवडाभर फळीवर राहू द्यायचं. आठवडा म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात. पडू द्या. वाकायचं असेल ते त्या आठवड्यात वाकेल, आणि तेव्हा खांब बदलता येतो.

तारेसाठी नायलॉन मी वापरतच नाही. पंख्याची वाइंडिंग करणाऱ्याकडे जा आणि ४० नंबरची तांब्याची तार मागा, जाडी साधारण ०.१२ मिमी. उरलेलं गुंडाळं तो फुकटही देतो. दोन गुळगुळीत फरश्यांच्या मध्ये तुकडा लाटला की सरळसोट होतो. मोजून कापायचा, दोन्ही टोकांना पांढऱ्या गोंदाचा टिपका, चिमट्यानं अलगद ठेवायचा. ओढायचा नाही. वरचं इनॅमल खरवडल्याशिवाय रंग धरत नाही, हे लक्षात ठेवा. १/७२ मापाला ही तार जाड वाटते, तिथं स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला लागून येतात ती, मेणबत्तीवर तापवून ओढलेला धागा बरा. तो सैल पडला तर पेटती अगरबत्ती जवळून, टेकू न देता फिरवा, ताणला जातो. पंखा बंद करून. हे सांगावं लागतं.

आणि कॅमलच्या मुख्य तारा गोल दोर नव्हेत. ब्रिटिश विमानांवर चपट्या, कडांना निमुळत्या रॅफ वायर असत, रुंद बाजू हवेच्या प्रवाहाला समांतर. कॅमलच्या फ्लाइंग वायर तर जोडीनं. तार लाटल्यावर स्टीलच्या पट्टीनं दाबून थोडी चपटी करता येते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चकचकीत टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे पेच, लावणं ही जर्मन विमानांवरून उचललेली हौस आहे, कॅमलवर ती चूक ठरते.

पाइपचं सोल्युशन

आपल्या भागात पीव्हीसी पाइपला तोटा नाही आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात सोल्युशनचा डबा असतो. तो मॉडेलला लावू नका. किट पॉलिस्टायरीनचं असतं. ते सोल्युशन पॉलिस्टायरीनला चिकटवत नाही, खाऊन टाकतं. पातळ खांबाचा चिखल होतो.

हे खऱ्या विमानात किती झालं असतं?

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते, कारण ती करणारे बहुधा हुशार असतात. भाग बारीक दिसला की त्यांना तो बरोबर वाटतो. दिसण्यावर जाऊ नका, गुणाकार करा. १/४८ असेल तर प्रत्येक मापाला ४८ नं गुणा.

किटच्या इंजिन-टोपाची कड एक मिलिमीटर जाड असते. गुणा: ४८ मिमी. खरा पत्रा जेमतेम मिलिमीटरभराचा. मग काय करायचं? नवा टोप ठोकत बसायची गरज नाही, कड आतून कानशीनं तिरकी घासा. समोरून फक्त कडच दिसते. तेवढ्यानं भागतं.

व्हिकर्स मशीनगनची नळी हे याचं सर्वात भारी उदाहरण. पोरं अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं तोंडाला भोक पाडतात आणि फुशारकीनं दाखवतात. अर्धा गुणिले ४८ म्हणजे २४ मिमी. कॅमलवर तोफ बसवली राव तुम्ही! गोळी ७.७ मिमीची. मेडिकलमधून इन्सुलिनची ३० नंबरची कोरी सुई आणा. तिचा आतला व्यास सुमारे ०.१६ मिमी, म्हणजे खऱ्या मापाला ७.६ च्या आसपास. याहून जवळ जाणारं काही दुकानात मिळायचं नाही. पक्कडीनं तोडू नका, तोंड चेपतं. त्रिकोणी कानशीखाली फिरवत फिरवत खाच पाडा आणि मोडा. वापरलेली सुई कुणी आणलीच, तर त्याला घरातूनच हाकलून देतो.

याच गुणाकारात लाकूडही नापास होतं. "खरं विमान लाकडाचं, म्हणून माझे खांब कामटीचे," असं कुणी म्हणालं की मी त्याला कामटीवरचा रेषा भिंगातून दाखवतो. तो रेषा ४८ पट करून बघा. खऱ्या विमानाच्या स्प्रूस लाकडाच्या खांबावर एवढे जाड रेषे कुठून येणार? लाकूड रंगानं दाखवायचं असतं: खाली पिवळसर थर, वर तपकिरी तैलरंग, जवळजवळ कोरड्या ब्रशनं ओढलेला.

वैमानिकाची वेताची खुर्ची विणायला घेणारे मला आवडतात. पण दोरा नको, त्याला लव असते आणि रंगवल्यावर ती उभी राहते. तिथंही वाइंडिंगचीच तार.

इंजिनाबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. कॅमलला सहसा १३० अश्वशक्तीचं क्लर्जे बनावटीचं इंजिन असे. रोटरी इंजिन, म्हणजे दांडा स्थिर आणि सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणार. नऊ सिलिंडर, दोघांमध्ये बरोबर ४० अंश. अंदाजानं चिकटवले की नववा मावत नाही किंवा फट राहते. एकानं आठच लावून आणले होते, "टोपात दिसत नाही, सर" म्हणून. दिसतं. चार-स्ट्रोक रोटरीच्या एका रांगेत सिलिंडर विषम संख्येतच असतात, नाहीतर स्फोट समान अंतरानं होत नाहीत. कंपास-कोनमापकानं कागदावर वर्तुळ आखा, त्यावर सिलिंडर ठेवा. पंख्यांसाठी, म्हणजे गार करणाऱ्या चकत्यांसाठी, दांडीवर तार गुंडाळली की चालतं. व्हॉल्व्हच्या दांड्यांकडे मात्र लक्ष द्या. क्लर्जेला प्रत्येक सिलिंडरला दोन, ल रोन या दुसऱ्या रोटरीला एक आणि बाहेरून दिसणारे तांब्याचे पाइप. पोरं फोटो बघतात एका इंजिनाचा आणि दांड्या लावतात दुसऱ्याच्या. आधी इंजिन कुठलं ते ठरवा, मग तार कापा.

बारीकसारीक

सनबोर्ड, म्हणजे फोमचा प्लास्टिक-पुठ्ठा, वापरू नका, घासलं की त्याची भोकं उघडी पडतात. स्टायरीन शीट मागवायला वेळ नसेल तर तळाला त्रिकोणात ६ आणि पीएस लिहिलेले डिस्पोजेबल ग्लास कापा, तेच प्लास्टिक आहे. वाऱ्याच्या काचेसाठी सीडीचं झाकण.

सायनो काचेजवळ नको, वाफेनं पांढरी पडते. सायनोला हवेतली ओल लागते, म्हणून कोरड्या मे महिन्यात तो रेंगाळतो. तेव्हा अजून थेंब ओतू नका, थांबा.

सीटचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून छान होतात, कागदातून नाही.

खांबाची निमुळती कड मागे. दर पावसाळ्यात एक तरी उलटा येतो.

रोटरी इंजिनात वंगणाला एरंडेल वापरत आणि ते जळून-न जळता बाहेर पडे, त्यामुळे पोटाखाली तेलकट डाग हवेत. पण तो डाग टोपापासून मागे जातो, पंखांच्या टोकांवर नाही.

थ्रीडी प्रिंटचे भाग मागवायचे असतील तर खुशाल मागवा, चांगले येतात. फक्त मला दाखवताना "घडवले" म्हणू नका.

आणि मॉडेल दाखवायला आणायचं असेल तर दुपारच्या एसटीनं मांडीवर खोकं घेऊन या. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेलं कॅमल मी तपासत नाही, त्यात माझ्या सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.