लॉ कॉलेजची मान्यता कशी तपासायची?

वकिलीची सनद राज्याची बार कौन्सिल देते. पण सनदेसाठी कोणती पदवी चालेल, हे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ नुसार बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे बीसीआय ठरवते. त्यामुळे ‘विद्यापीठाशी संलग्न’ एवढी पाटी पाहून फी भरू नका. संलग्नता विद्यापीठाची, मान्यता बीसीआयची, दोन्ही लागतात.

बीसीआयच्या वेबसाइटवरच्या यादीत कॉलेजचं नाव सापडलं की बहुतेक पालक निर्धास्त होतात, आणि गडबड तिथेच होते. ऑफिसात जाऊन मान्यतेचं ताजं पत्र मागा. अभ्यासक्रम कोणता, तुकड्या किती, मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत, हे त्यात वाचा. तीन वर्षांच्या एलएलबीला मान्यता आहे म्हणून त्याच इमारतीतल्या पाच वर्षांच्या बीए एलएलबीला ती आपोआप लागू होत नाही. एका तुकडीत जास्तीत जास्त ६० विद्यार्थी. पत्रात दोन तुकड्या आणि प्रवेश मात्र १८०, असं असेल तर वरच्या ६० जणांच्या सनदेचं काय, हे तिथेच विचारा. ‘नूतनीकरणाचा अर्ज केलाय’ हे उत्तर म्हणजे मान्यता नव्हे. निदान अर्जाची पोच तरी दाखवायला सांगा.

ऑगस्ट २०२५ मध्ये बीसीआयने नव्या लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली. जुन्या कॉलेजांनाही पूर्वपरवानगीशिवाय नवी तुकडी किंवा अभ्यासक्रम काढता येत नाही. तेव्हा ‘यंदापासून सुरू’ अशी जाहिरात दिसली की आधी परवानगीची तारीख बघा.

मग स्वतःची पात्रता. २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्सप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्ससाठी बारावीत आणि तीन वर्षांच्या कोर्ससाठी पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४० टक्के गुण हवेत. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर ती इथे चालत नाही. पत्रव्यवहाराने, म्हणजे घरबसल्या केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही.

दर्जा मात्र पत्रावरून कळत नाही. बीसीआयची तपासणी समिती येणार म्हटलं की ग्रंथालय भरतं, प्राध्यापक हजर होतात. कॉलेजांवरच्या बीसीआयच्या देखरेखीवर घेतला जाणारा हा आक्षेप खराच आहे. शेवटी एआयबीई, म्हणजे पदवीनंतर वकिलीसाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैधही ठरवली. पण बेअर ॲक्ट, म्हणजे टिपांशिवायचं कायद्याचं पुस्तक, समोर ठेवून देता येणारी परीक्षा कॉलेजने काय शिकवलं ते कितपत सांगणार?

म्हणून प्रवेशाआधी एखाद्या साध्या वारी, न कळवता, दुपारी जाऊन या. वेळापत्रकातला तास खरंच चालू आहे का ते बघा. फक्त तीन वर्षांच्या कोर्सच्या दोन तुकड्या असल्या, तरी तिसऱ्या वर्षापर्यंत किमान आठ पूर्णवेळ प्राध्यापक हवेत; नावं विचारा. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाचच्याला २०. ती कुठे करायची आणि डायरी कोण तपासतं, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ असं कुणी म्हणालं, तर दुसरं कॉलेज शोधा.