तिथी, पावती आणि भाडं: वस्तीतल्या बालगृहासाठी निधी उभारताना

गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीतल्या बालगृहाला वाढदिवसाचे केक आणि दिवाळीचा फराळ कमी पडत नाही. अडतं ते खोल्यांचं भाडं, वीजबिल आणि रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या मावशींचा पगार. मागायचं ते यासाठीच, आणि तसं स्पष्ट सांगून.

आधी महिन्याचा खर्च एका कागदावर मांडा. समजा 40 मुलं आहेत आणि जेवणखाणाला दिवसाला प्रत्येकी 110 रुपये लागतात, तर रोजचे 4,400 झाले, 30 दिवसांचे 1,32,000. त्याखाली भाडं, शाळेतल्या शिक्षकांचं मानधन, औषधं, पाण्याचा टँकर. हा आकडा तोंडपाठ नसलेल्या विश्वस्ताला देणगी मागायला पाठवू नका.

अन्नदानाची तिथी लोकांना चटकन पटते. भिंतीवर 365 चौकटींचा तक्ता लावा. आईची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस, अशा तारखा भरत जा. गणित फसतं ते ‘कायम तिथी’त. 11,000 रुपये घेऊन दरवर्षी जेवण घालायचं कबूल केलं, तर सात टक्के व्याजाने हाती 770 येतात आणि खर्च होतो 4,400. म्हणजे निदान 63,000 तरी घ्यायला हवेत, महागाई धरली तर त्याहून जास्त. ही रक्कम मूळ निधीसाठी आहे, असं दात्याकडून लेखी घ्या. नाहीतर ती चालू वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते.

पगार आणि भाड्याला मात्र दरमहा देणारी माणसं लागतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या मूठभर धान्याचा, मुष्टिफंडाचा, आधार होता. आजची मूठ म्हणजे ऑटो-पे, खात्यातून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम: 500 रुपयांचे 200 दाते, महिन्याला एक लाख. खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो आणि दाता गुपचूप गळतो. त्याच आठवड्यात फोन करा, आधी खुशाली विचारा.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा, कुणा विश्वस्ताच्या मोबाइलचा कधीही नको. पैसे आले की नाव, पत्ता आणि पॅन मागून घ्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या की 30 टक्के कर लागू शकतो. संस्थेकडे 80जी, म्हणजे दात्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तरी ‘करात सूट मिळेल’ असं सरसकट सांगू नका: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच.

परदेशातले मराठी आप्त पैसे पाठवतात तेव्हा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात. मग एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं लागतं.

आवाहनात मुलांचे चेहरे, नावं, आईबापांची कहाणी अजिबात नको. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा नसता तरी, उद्या त्याच गल्लीतून शाळेत जाणाऱ्या पोरीला तो फोटो आयुष्यभर चिकटतो. दप्तरांची रांग, भाताचं पातेलं, पाठमोरी वेणी एवढं पुरतं.

देणग्या मार्चमध्ये जास्त येतात, वह्या-गणवेशांचा खर्च जूनमध्ये उभा राहतो. मधल्या एप्रिल-मेमध्ये हे पैसे भाड्यात विरतात, म्हणून आलेल्या दिवशीच ते वेगळ्या खात्यात टाका.