पहिली ऑर्डर टाकीच्या कंट्रोलरची घ्या

मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम टाकून मोटर, दिवे असं काही चालवणारी छोटी चिप) शिकून कस्टमरची कामं घ्यायची असतील तर एलईडी ब्लिंक करण्यात एक संध्याकाळ घालवा, त्याहून जास्त नको, आणि मग थेट पाण्याच्या टाकीचा ऑटो कंट्रोलर बनवायला घ्या, म्हणजे टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. प्रत्येक बिल्डिंगला तो लागतो आणि कामाचं बहुतेक सगळं त्यात येतं.

बोर्ड आर्डुइनो उनो आर३ बास. २ केबी रॅम असते पण या कामाला पुरून उरते. वायफाय मागितलं तर ईएसपी३२ घ्या, फक्त तो ३.३ व्होल्टचा आहे, पिनला ५ व्होल्ट लावलेत तर गेला.

वरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारे) टाका, एक खाली एक वर. एकाच फ्लोटवर केलं तर पाणी जरा हललं की मोटर चालू-बंद चालू-बंद करत बसते. तिसरा खालच्या टाकीत, म्हणजे मोटर कोरडी चालणार नाही. आता हे नीट वाचा, वायरिंग असं करा की "मोटर चालवायला हरकत नाही" तेव्हा फ्लोट पिनला ग्राउंडशी जोडेल आणि पिन इनपुट पुलअपवर ठेवा (ग्राउंडशी जोडलेली नसली की पिन आपोआप ५ व्होल्टवर, म्हणजे हाय राहते), मग उंदराने वायर कुरतडली तरी पिन हाय दिसते आणि मोटर बंद राहते.

कोडमध्ये डिले (प्रोग्रामला तेवढा वेळ थांबवून ठेवणारी कमांड) वापरू नका, १० सेकंदांचा डिले चालू असताना कुणी स्टॉप बटण दाबलं तर प्रोग्रामला पत्ताच नसतो. मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी कमांड) वापरा, पण तो काउंटर साधारण ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतो, म्हणून अनसाइन्ड लाँग (उणे आकडे नसलेला मोठा पूर्णांक) घेऊन "आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ" अशीच तुलना करा. घरी दोन दिवस टेस्ट करून हे कधीच सापडत नाही, कस्टमरकडे दीड महिन्याने सापडतं.

पिनमधून २० मिलीॲम्पच्या वर काढू नका, रिलेची (कॉइलला करंट दिला की आतला स्विच ओढणारा भाग) कॉइल ट्रान्झिस्टरवर चालवा आणि बंद होताना कॉइल मारते तो झटका जिरवायला कॉइलला उलटा १एन४००७ डायोड लावा (तयार मॉड्यूल घेतलंत तर हे आत असतंच). रिलेने मोटर डायरेक्ट चालवायची नाही, रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट झेलणारा मोठा रिले) ओढायचा. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, त्यात शहाणपणा नको.

माझा पहिला कंट्रोलर घरी मस्त चालला आणि सोसायटीत चौथ्या दिवशी कॉन्टॅक्टर ओढला की आर्डुइनो हँग, मोटर चालूच, गच्चीवरून पाणी जिन्यात आणि पहाटे पाचला सेक्रेटरींचा फोन. मी दोन दिवस कोड तपासत बसलो, दोष कोडमध्ये नव्हताच, कॉन्टॅक्टरचा विजेचा झटका आर्डुइनोपर्यंत पोचत होता. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन लाइनवर लावायचा) कॅपॅसिटर असा स्नबर, म्हणजे तो झटका दाबणारी जोडी, लावला, फ्लोटच्या वायरी मेनपासून लांब नेल्या, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड आपोआप रिसेट करणारा टायमर) चालू केला, मग शांत झालं. वॉचडॉगने रिसेट झाल्यावर रिले आधी बंद असलाच पाहिजे, आणि जुन्या बूटलोडरचा (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आर्डुइनो नॅनो असेल तर तो वॉचडॉगनंतर रिसेटच्या चक्रातच अडकतो, ते आधी बघून घ्या.

पैशांचं म्हणाल तर अर्धे ॲडव्हान्स, नाहीतर पार्ट आणू नका. काय-काय करून देणार ते व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याकडून "ओके" घ्या, कारण "एवढं एक मोबाईलवर पण दिसू दे ना" हे हमखास येतं आणि त्याचे पैसे वेगळे. सोर्स कोड द्यायचा की नाही तेही आधीच ठरवा. बॉक्सवर ऑटो-मॅन्युअल स्विच ठेवाच, तुमचा बॉक्स बिघडला तरी वॉचमन काका पाणी चढवू शकतील आणि तुम्हाला रविवारी जावं लागणार नाही.